वायरचं एवढं काय वाईट वाटतं?

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी वायरच्या बाजूने आहे. हे वाचून तुमच्यातले निम्मे हसणार, कारण माझ्या ऑफिसातलेही हसले होते. दिवसभर कोड लिहिणारा, अठ्ठाविशीतला मुलगा शनिवारी सकाळी स्टुलावर चढून भिंतीच्या कडेने दहा मीटर तांब्याची वायर ओढतोय, क्लिपा ठोकतोय, म्हणजे याचं काहीतरी बिनसलंय. "अरे, जग वायरलेस झालं," असं मला टीममधल्या तिघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं. झालं असेल. पण माझ्या हॉलमध्ये ते नीट झालं नाही, आणि का झालं नाही ते मला पक्कं कळलंय, म्हणून हा लेख.

आम्ही खडकवासल्याला राहतो. धरणाच्या अलीकडे. २०२१ साली आमचं गाव कागदोपत्री पुणे महापालिकेत आलं. पाणी आणि रस्ते कागदाच्या मागून सावकाश येतायत, तो विषय वेगळा. शनिवार-रविवारी चौपाटीवर भजी आणि कणसं खायला अर्धं पुणे लोटतं, त्यामुळे त्या दोन दिवसांत आम्ही घराबाहेर पडत नाही. सिनेमा बघायला शहरात जायचं तर सिंहगड रोडची ती रांग. म्हणून मी प्रोजेक्टर घेतला. समोरच्या भिंतीवर शंभर इंची चित्र, म्हणजे रुंदीला सव्वादोन मीटर.

हे वरवरचं कारण. खरं कारण बाबा.

बाबांनी एकतीस वर्षं भोसरीत एका फोर्जिंग शॉपमध्ये काढली. लालभडक लोखंडावर पडणारा हातोडा, दिवसातून हजारो वेळा. कानात घालायचे बोळे मिळायचे, पण ते बाहेरचे साहेब तपासणीला आले की घालायचे, असा तिथला रिवाज. रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी आम्ही ऑडिओग्राम काढला. कागदावरची रेघ सुरुवातीला जरा बरी चालते आणि चार हजार हर्ट्झच्या आसपास सिंहगडाच्या कड्यावरून खाली गेल्यासारखी कोसळते. सतत मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसांच्या कानाचं हे ठरलेलं चित्र आहे.

याचा अर्थ त्यांना ऐकू येत नाही असा नाही, आणि हेच घरच्यांना समजत नाही. त्यांना आवाज येतो, शब्द येत नाही. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांच्यात जोर असतो. स, श, च, फ, ठ, त ही व्यंजनं वरच्या पट्टीत असतात आणि फार हलकी असतात. आता "सार", "चार", "फार", "ठार" हे चार शब्द मोठ्याने म्हणा आणि पहिलं व्यंजन काढून टाका. उरतो एकच "आर". बाबांच्या कानात दिवसभर "आर" पडत असतो, आणि सार की ठार हे ते समोरच्याचं तोंड बघून ठरवतात. तोंड बघून, म्हणजे अक्षरशः ओठ बघून. हे त्यांनी कधी कबूल केलेलं नाही. पण मास्कच्या काळात ते एकदम चिडचिडे झाले होते, त्याचं कारण मला आत्ता उमगलं.

टीव्हीसमोर ते दहा मिनिटांनी म्हणायचे, "झोप येतेय." झोप येत नसायची. समजत नाही हे सांगण्यापेक्षा झोप येणं बरं.

तर शंभर इंची पडद्यावर चेहरा मोठा दिसेल, ओठ मोठे दिसतील, हा माझा साधा हिशोब. आवाजासाठी मी, शपथेवर सांगतो, सगळ्यांसारखाच वागलो. आमचा प्रोजेक्टर सोफ्याच्या मागच्या फळीवर. त्याचा स्वतःचा छोटा स्पीकर आपल्या मानेमागून बोलतो. हिरो समोर आणि आवाज पाठीत, असं भुताटकीचं वाटतं. स्पीकर पडद्याजवळच हवा. पण मग मागून पुढे वायर न्यावी लागणार. भाड्याचं घर, आईचा नुकता दिलेला रंग. मग रिव्ह्यू बघितले, "डीप बास" वाचलं, वॉटचा आकडा बघितला, आणि एक जाडजूड ब्लूटूथ स्पीकर मागवला. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक त्या एका डब्याची नव्हती.

पहिल्या रात्री सिनेमा लावला. आई म्हणाली, "डब केलेला आहे का रे?" नव्हता. ओठ आधी हलत होते, शब्द मागाहून येत होते. मला ते पाच मिनिटांत सवयीचं झालं. बाबा दहाव्या मिनिटाला म्हणाले, "झोप येतेय."

आता हा उशीर नेमका किती, ते बघू. धरणाच्या भिंतीजवळ उभे राहा. पलीकडच्या काठावर लग्नाचे फटाके उडतात तेव्हा उजेड आधी दिसतो, धडाका मागून येतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. साध्या ब्लूटूथवर, एसबीसी नावाच्या कोडेकने, आवाज बाहेर पडायला साधारण दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद लागतात. मधला आकडा धरा, २००. तेवढ्या वेळात आवाज ६८ मीटर जातो. म्हणजे माझ्या हॉलमध्ये दहा फुटांवरच्या भिंतीवर जी बाई बोलतेय, ती कानाच्या हिशोबाने ६८ मीटर लांब, धरणाच्या भिंतीवर उभी आहे आणि मी इकडे भज्यांच्या गाडीशी.

उशीर का होतो हेही ऐका. हवेतून सिग्नल जायला वेळ लागत नाही. रेडिओ लहरी प्रकाशाच्या वेगाने जातात, हॉलभर जायला त्यांना काहीच लागत नाही. वेळ जातो तो पॅकिंगमध्ये. आवाज दाबायचा, त्याचे तुकडे करायचे, पाठवायचे, पोचला नाही तर परत पाठवायचा, आणि मध्ये खंड पडू नये म्हणून पलीकडे थोडा साठा करून ठेवायचा. या साठ्याला आम्ही बफर म्हणतो. आणि हे सगळं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे आमच्या बिल्डिंगचे वाय-फाय आधीच रिक्षा स्टँडसारखे खेटून उभे आहेत. गर्दी वाढली की साठा वाढवावा लागतो, साठा वाढला की उशीर वाढतो. ब्लूटूथमधून गाणी ऐकायची सोय २००३ सालच्या आराखड्यातून आली. गाण्याला ओठ नसतात, तेव्हा उशिराचं कुणाला काय!

यावर तुमचा प्रतिप्रश्न मला ठाऊक आहे. "माझ्या फोनवर इयरबड्स लावून सिरीज बघतो, सगळं बरोबर दिसतं." बरोबर. कारण फोन तुमच्यासाठी चित्रच थांबवून धरतो. इयरबडला किती उशीर होतो हे विचारून तेवढं चित्र मागे ठेवतो. फोन, ॲप आणि चित्र हे तिन्ही एकाच्याच ताब्यात असतात तेव्हा हे जमतं. प्रोजेक्टरमध्ये साखळी तुटते. स्टिकमधून एचडीएमआयने चित्र येतं, प्रोजेक्टर त्यावर स्वतःची प्रक्रिया करतो, मग तोच ब्लूटूथने आवाज सोडतो, आणि मागच्याचा उशीर पुढच्याला माहीत नसतो. कुणाकडे हे जुळतंही. पण ते नशिबाने जुळतं आणि पुढच्या अपडेटला बिघडू शकतं.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची १९९८ सालची एक शिफारस आहे. तिच्यानुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तर प्रेक्षकाला ते जाणवतं, पण मागे पडला तर साधारण १२५ पर्यंत चालून जातं. निसर्गाला धरूनच आहे हे. लांबच्या धोब्याचा धपका उशिरा ऐकू येण्याची माणसाला सवय आहे, आधी ऐकू येण्याची नाही. वायरचा मोठेपणा इथे आहे. वायरने आवाज लवकर आला, तर त्याला थांबवता येतं. बहुतेक प्लेअरमध्ये त्यासाठी सेटिंग असतं. उशिरा आलेल्या आवाजाला मात्र मागे ओढता येत नाही.

आणि हे आकडे चांगल्या कानांच्या लोकांचे झाले. जो माणूस ओठ वाचून अर्धं ऐकतो, त्याच्यासाठी ओठ एक सांगतायत आणि कान दुसरंच. मी बाबांच्या मदतीला म्हणून जे आणलं, त्याने त्यांच्याकडे उरलेली एकमेव युक्तीही काढून घेतली होती.

या सगळ्यात मला आमच्या धंद्याची लाज वाटली, ते बोलतोच. ऑफिसात बटण दाबल्यावर २०० मिलिसेकंद काही झालं नाही तर आम्ही तिकीट उघडतो, मीटिंग लावतो, कुणाची तरी झोप उडते. घरी तोच उशीर आम्ही "होतं थोडंसं" म्हणून गिळतो, कारण वायर दिसत नाही ना! फोटोत हॉल स्वच्छ दिसतो ना! वायरलेस हा शब्द आम्ही ऐकण्यासाठी विकत घेत नाही, दाखवण्यासाठी घेतो.

बरं, वायर नसते का? माझ्या त्या स्पीकरला चार्जिंगची वायर होतीच. पडद्याजवळ कायम ठेवायचा म्हणजे ती कायम लावलेलीच. चांगल्या वाय-फाय स्पीकरला तर प्लगच लागतो, जोडी असेल तर दोन प्लग. म्हणजे आवाज नेणारी काडीएवढी वायर गेली आणि विजेची जाड वायर राहिली. वर बॅटरी. ती लिथियमची, वर्षागणिक म्हातारी होणारी, आणि बऱ्याच स्पीकरांत सहज बदलता न येणारी. वर ॲप. सोनोसचं उदाहरण जगजाहीर आहे. वायरलेस स्पीकरांतलं मोठं, महागडं नाव. मे २०२४ मध्ये त्यांनी नवं ॲप आणलं, त्यात आधीच्या कितीतरी सोयी गायब, लोकांचे चालू स्पीकर रुसले, आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनीच्या प्रमुखाला पायउतार व्हावं लागलं. स्पीकरमधला कागद फाटला नव्हता, कॉइल जळली नव्हती. ॲप बदललं होतं. तांब्याच्या वायरीला अपडेट येत नाही, हा तिचा गुण आहे हे आपण कधीपासून विसरलो?

न्याय म्हणून सांगतो, सगळं वायरलेस वाईट नाही. पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातले, खास सिनेमासाठी केलेले वायरलेस स्पीकर असतात, त्यांचा उशीर काही मिलिसेकंदांचा असतो. किंमत बघून मी ते पान बंद केलं. ब्लूटूथमध्येही एलई ऑडिओ नावाची नवी पद्धत आली आहे, तिचा उशीर बराच कमी आहे, पण दोन्ही टोकांना ती असावी लागते. माझ्या प्रोजेक्टरमध्ये नव्हती. तुमच्यात आहे का, ते घेण्याआधी डब्यावर वाचा. साउंडबार घेणार असाल तर त्यालाही एचडीएमआय एआरसीची वायर लावा आणि गप्प बसा.

आपल्याकडे सिनेमा वायरीवरच वाढला. गावोगावच्या जत्रांतले तंबू आठवा, तुम्ही नाही तर तुमच्या बाबांनी पाहिलेले. ट्रकवरून येणारे टुरिंग टॉकीज. 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा २०१६चा माहितीपट महाराष्ट्रातल्या याच फिरत्या तंबूंवर आहे, जरूर बघा. मशीन मागे, भोंगे पुढे पडद्याशी, मधे प्रेक्षकांच्या बाजूने गेलेली केबल. आणि त्या फिल्मवर एक गंमत असायची. ३५ मिलिमीटरच्या पट्टीवर आवाजाची रेघ चित्राच्या शेजारी नसते, सुमारे वीस फ्रेम पुढे असते. कारण चित्र झडपेसमोर थांबत थांबत जातं आणि आवाज सलग वाहावा लागतो. दोन्ही एका जागी वाचता येत नाहीत. त्यामुळे रीळ चढवताना ऑपरेटरने फिल्मचा झोल मोजून सोडायचा. एक फ्रेम इकडेतिकडे म्हणजे ४२ मिलिसेकंद. पाच फ्रेम चुकला की झाला माझा ब्लूटूथ स्पीकर. फरक एवढाच की त्याने चूक केली तर तंबूतून शिट्ट्या पडायच्या आणि तो दुरुस्त करायचा. आमच्या हॉलमध्ये शिट्टी कुणी मारली नाही. प्रेक्षक उठून आत झोपायला गेला.

आणि हे पुण्यात! 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढणारी प्रभात कंपनी १९३३ मध्ये ज्या शहरात आली, जिच्या जागेवर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, त्या शहरात आपण बोलपटातला "बोल" सोडून सगळं विकत घेतोय.

कारण आपण घेतो बास. रिव्ह्यूवाला पोरगा स्पीकर टेबलावर ठेवतो, ठोके असलेलं गाणं लावतो, स्पीकरवर कागदाचे बोळे टाकतो, ते उडतात, आणि तो म्हणतो, जबरदस्त. एकाही व्हिडिओत मी असं पाहिलं नाही की दोन माणसं हळू आवाजात बोलतायत आणि रिव्ह्यूवाला सांगतोय, "स" स्वच्छ आला. सिनेमात महत्त्वाचं बहुतेक बोलण्यात घडतं आणि स्पीकर विकला जातो ढोलावर. त्यात खालच्या पट्टीचा मोठा आवाज वरच्या पट्टीतला बारीक आवाज झाकून टाकतो. हा कानाचा स्वभाव आहे, सगळ्यांच्या. तुमच्या-माझ्या कानाला तो झाकलेला "ठ" तरी हुडकता येतो. बाबांना नाही. डीप बास म्हणजे त्यांच्यासाठी "आर"वर आणखी एक गोधडी.

वॉटचीही तीच कथा. घरगुती साधा चांगला स्पीकर एका वॉटवर एक मीटरवरून ८५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. दोन माणसं बोलतात तो आवाज साठच्या घरात. दहा-वीस खरे वॉट हॉलला पुरून उरतात. डब्यावरचे हजारो वॉट हे बहुतेकदा छपाईचे असतात. आणि ते खरे निघाले तर जास्त वाईट. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. आमच्या रस्त्यावर लग्नसराईत डीजेची भिंत जाते तेव्हा कपाटातली भांडी वाजतात. बाबा गॅलरीत उभे राहून म्हणतात, "हे मात्र मला छान ऐकू येतं." आधी मला तो विनोद वाटायचा.

शेवटी मी तपकीर गल्लीत गेलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बुधवार पेठेतली इलेक्ट्रॉनिक्सची गल्ली, जिथे तुम्ही अर्धवट वाक्य बोलता आणि दुकानदार उरलेलं पूर्ण करतो. "प्रोजेक्टर, पडद्याजवळ स्पीकर, बोलणं स्वच्छ पाहिजे," म्हटलं. तो म्हणाला, "वडलांसाठी ना?" त्याच्याकडे याच कामासाठी बरेच येत असावेत. त्याने जुने, लाकडी पेटीतले बुकशेल्फ स्पीकर काढले. जोडी. माझ्याहून वयाने मोठे असतील. कडेचं फोम नवं लावलेलं. एक छोटा ॲम्प्लिफायर, त्याला बास आणि ट्रेबलची खरीखुरी फिरणारी बटणं. आणि दहा मीटर दोन पदरी तांब्याची वायर. सगळं मिळून त्या वायरलेस डब्यापेक्षा कमी पैशांत. डबा मी परत केला, पैसे तेरा दिवसांनी आले.

प्रोजेक्टरच्या हेडफोनच्या भोकातून ॲम्प्लिफायर, तिथून वायर भिंतीच्या कडेने, दाराच्या चौकटीवरून, पडद्याच्या दोन्ही बाजूंना. स्पीकर बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे. बास डावीकडे पार खाली, ट्रेबल तीन वाजता. मला ऐकायला ते थोडं टोचतं, खोटं कशाला बोला. संगीतवाले मित्र आले तर बटण सरळ करून ठेवतो. कानाची मशिनं बाबांच्या ड्रॉवरमध्ये आहेत. ती घालण्यावरून आमची भांडणं चालू आहेत, स्पीकर हा त्यावरचा इलाज नाही.

पहिल्या रात्री त्यांच्या आवडीचा 'सामना' लावला. तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा. लागू आणि निळू फुले समोरासमोर. ढिशूम काही नाही, सगळं बोलणं. आणि आवाज मोनो, एकाच वाटेने येणारा. माझ्या मित्रांना सहा स्पीकरांचा डॉल्बी लागतो. पण मराठीतला जुना खजिना बराचसा असा मोनो आहे, त्याला पाठीमागे स्पीकर ठेवून काय वाजवणार? पाखरं?

आई वायरीकडे बघत होती. "रंग गेला माझा," म्हणाली, आणि मग सिनेमा सुरू झाल्यावर विसरली. दहा मिनिटं झाली. मी पडद्याकडे कमी आणि बाबांकडे जास्त बघत होतो. पंधरा झाली. काही वाक्यं त्यांची सुटत होती, ते कळत होतं. कपाळाला आठी पडायची आणि जायची. अर्ध्या तासाने निळू फुले काहीतरी अगदी खालच्या आवाजात, ओठ जेमतेम हलवत बोलले आणि बाबा हसले. मी हसलो नव्हतो, कारण माझं लक्ष नव्हतं.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

त्यांनी मला ते वाक्य सांगितलं. अख्खं. मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "साडेदहा झाले. आवाज जरा कमी कर, वरचं बाळ झोपलं असेल."